गणपतीत घर बंद ठेवून गावी जाताय? कॅमेरा, सेन्सर, स्मार्ट लॉक नीट कसं लावायचं ते सांगते

दोन वर्षांपूर्वी गणपतीत आमच्या मजल्यावरचं घर फोडलं. माजिवड्याला आमची जुनी बिल्डिंग, मजल्यावर चार फ्लॅट, त्यातले तिघं कोकणातले, त्यामुळे गणपतीत जवळजवळ अख्खा मजला रिकामा असतो. समोरच्यांचा कडी-कोयंडा तोडून कपाट उपसलं होतं आणि कळलं कधी, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला दार उघडं दिसलं तेव्हा. समोरच्या वहिनींच्या सासूबाईंच्या पाटल्या गेल्या. ती माणसं विसर्जनाची वाट न बघता कणकवलीहून परत आली, वहिनींचा तेव्हाचा चेहरा माझ्या अजून डोळ्यासमोर आहे.

त्यानंतर दिवाळीत आम्ही कॅमेरा घेतला. पुढच्या गणपतीत मालवणला निघताना नेहमीच्या सवयीने मेन स्विच बंद केला आणि नऊ दिवस ॲपमध्ये "डिव्हाइस ऑफलाइन" एवढंच दिसत होतं. ज्या नऊ दिवसांसाठी घेतला तेव्हाच तो बंद. मग मात्र सगळं नीट समजून घेतलं, कोपरखैरण्याला बहिणीच्या रो हाऊसलाही लावून दिलं, आणि जिथे जिथे अडले ते खाली क्रमाने लिहितेय म्हणजे तुमचे पैसे आणि वेळ दोन्ही वाचतील.

१. वस्तू घ्यायच्या आधी माणसं ठरवा

ही पायरी सगळे सोडतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. तुम्ही मालवणला, मोबाईलवर "हालचाल दिसली" असा मेसेज आला, आता पुढे काय? ठाण्याला पोचायला दहा-बारा तास. आणि गावच्या घरात रेंज नसेल तर मेसेज येणारच नाही, आमच्या वाडीत तर माळावर गेल्याशिवाय नेट चालत नाही.

म्हणून एका कागदावर दोन नावं लिहा. एक, पाच मिनिटांत दाराशी पोचेल असा माणूस, म्हणजे शेजारी, खालच्या मजल्यावरचं कोणी किंवा वॉचमन. दोन, ज्याच्या मोबाईलला चोवीस तास रेंज असते असा घरचा माणूस. आमच्याकडे पहिल्या मजल्यावरच्या काकू आणि डोंबिवलीचा माझा भाऊ. दोघांनाही आधी विचारलं, त्यांनी हो म्हटलं, मग खरेदीला लागलो. कारण कॅमेरा चोराला अडवत नाही, तो फक्त कळवतो, अडवायला दाराशी कोणीतरी जावं लागतं.

२. दार तपासा

स्मार्ट वस्तूंवर दहा हजार घालायचे आणि कोयंडा मात्र बिल्डरने पंचवीस वर्षांपूर्वी छोट्या स्क्रूंनी ठोकलेला, असं बऱ्याच घरात असतं. बाहेरून लटकणारं कुलूप म्हणजे घर बंद आहे अशी पाटीच लावल्यासारखं. शक्य असेल तर आतल्या आत बसणारं लॉक लावा आणि बाहेरचं सेफ्टी डोअर असेल तर त्यालाही चांगलं लॉक बसवा. चौकट वाळवीने पोकळ झाली असेल तर आधी सुताराला बोलवा, त्याशिवाय पुढचं काही वाचू नका. तळमजल्याला आणि रो हाऊसला मागचं दार, बाथरूमची सरकती काचेची खिडकी, गच्चीचा दरवाजा हेही बघा, बहिणीच्या घराची गच्ची शेजारच्या गच्चीला लागून आहे, एक पाय टाकला की माणूस इकडे.

३. काय काय जमवायचं

सामान: मोजायची टेप, ड्रिल मशीन आणि ६ एमएमचा बिट, गिट्ट्या आणि स्क्रू, स्क्रू ड्रायव्हर, चांगल्या कंपनीचं मेमरी कार्ड, राउटरसाठी मिनी यूपीएस (लाईट गेली तरी राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी), वायर भिंतीला बसवायला क्लिपा. भिंतीत भोक पाडायच्या आधी आत वायर किंवा पाण्याचा पाइप नाही ना याची खात्री करा, नक्की माहीत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

कागद: प्रत्येक वस्तूचं जीएसटीचं बिल, वॉरंटी कार्ड, खोक्यावरचा सिरियल नंबर आणि क्यूआर कोड यांचा फोटो. भाड्याने राहत असाल तर घरमालकाचं लेखी हो, अगदी व्हॉट्सॲपवर का होईना. पॅसेजमध्ये काही लावणार असाल तर सोसायटीला दिलेल्या अर्जाची पोच. सगळं एका फाईलमध्ये ठेवा आणि फोटो काढून मेलवर पाठवून ठेवा, कारण चोरी झाली तर फाईलसकट कपाट जाऊ शकतं.

४. कॅमेरा निवडताना

घरात लावायला साधा वायफाय कॅमेरा पुरतो. बऱ्याच कंपन्यांचे मिळतात, मी कोणाची शिफारस करत नाही, फक्त काय बघायचं ते सांगते.

खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि आर पासून सुरू होणारा नंबर असतो, तो मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून दुकानातच तपासता येतो. ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या नवीन सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठरावीक चाचण्या सरकारने बंधनकारक केल्यात. त्यामुळे रस्त्यावर किंवा सेलमध्ये बिनानावाचा फार स्वस्त कॅमेरा दिसला तर मोह टाळा.

रेकॉर्डिंग कुठे साठतं ते समजून घ्या. कॅमेरा सेकंदाला १ मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाचे साधारण ११ जीबी होतात, २ मेगाबिट असेल तर साधारण २२. म्हणजे १२८ जीबीचं कार्ड पहिल्या हिशोबात अकरा दिवस पुरेल आणि दुसऱ्यात सहा दिवसही नाही, मग जुनं पुसून वर नवीन लिहिलं जातं. दहा दिवस गावी जाणार असाल तर हा हिशोब निघण्याआधी करा. "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलं कार्ड घ्या, मोबाईलमधलं जुनं काढून टाकलेलं कार्ड सतत लिहून लिहून लवकर खराब होतं आणि ते खराब झालंय हे नेमकं गरजेच्या वेळी कळतं.

दुसरं म्हणजे चोराने कॅमेराच उचलून नेला तर कार्डही गेलं. त्यासाठी क्लाउड असतं, म्हणजे रेकॉर्डिंग नेटवरून कंपनीकडे साठतं, महिन्याचे थोडे पैसे पडतात. वर्षभर नको असेल तर निदान गावी जाता त्या महिन्यापुरतं घ्या, आम्ही तसंच करतो.

बाहेर लावायचा असेल तर आयपी ६६ किंवा ६७ (म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षण) लिहिलेलाच घ्या. आणि तेवढ्याने भागत नाही, कॅमेरा पावसात टिकतो पण त्याच्या वायरचा जोड टिकत नाही. बहिणीकडे जुलैत तेच झालं, जोडात पाणी गेलं. जोड बंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, वायर आधी खाली झुकवून मग वर डब्यात न्या म्हणजे पाण्याचा थेंब खालीच गळून जातो, आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, खाडीच्या हवेत साधे स्क्रू गंजतात.

५. कुठे लावायचा, आणि कोणाला विचारायचं

फ्लॅटमध्ये पहिला कॅमेरा हॉलमध्ये, मुख्य दार समोर दिसेल असा. साधारण सात-आठ फूट उंचीवर. छताला चिकटवला तर फक्त डोकी दिसतात, चेहरा दिसत नाही. खिडकीकडे तोंड करून लावू नका, उजेडामुळे माणूस काळा दिसतो. काचेच्या आतून बाहेर बघणारा लावला तर रात्री त्याचाच लाल दिव्याचा उजेड काचेवर आपटतो आणि सगळं पांढरं दिसतं.

पॅसेजमध्ये किंवा दारावर व्हिडिओ डोअरबेल लावायची तर सोसायटीला अर्ज द्या आणि समोरच्यांना घरी जाऊन सांगा. त्यांचं दार, त्यांच्या घराचा आतला भाग दिसता कामा नये. ॲपमध्ये चित्राचा तेवढा भाग झाकून टाकायची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते, ती वापरून समोरच्यांना स्वतः दाखवा. आम्ही वहिनींना दाखवलं तेव्हा त्यांनीच त्यांच्या दारासाठीही चौकशी केली.

घराच्या आतल्या कॅमेऱ्याबद्दल मनापासून सांगते. बेडरूम, बाथरूमकडे जाणारा भाग, कपडे बदलायची जागा इथे नको म्हणजे नकोच. घरातल्या प्रत्येकाला विचारा, सासूबाईंना, मोठ्या मुलीला, सगळ्यांना. एकत्र राहत्या घरात दुसऱ्या राहणाऱ्याच्या संमतीशिवाय आत कॅमेरे चालवता येणार नाहीत असा निकाल कलकत्ता उच्च न्यायालयाने दिला होता आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात बदल केला नाही. कामाला येणाऱ्या ताईंनाही पहिल्याच दिवशी सांगा की इथे कॅमेरा आहे, आवाज रेकॉर्ड होतो किंवा होत नाही. न सांगता लावणं चुकीचंच आहे. आम्ही सगळे घरी असताना कॅमेरा बंद ठेवतो, ॲपमध्ये त्याचं एक बटण असतं.

६. वायफाय, पासवर्ड आणि बसवून देणारा माणूस

बहुतेक घरगुती कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. राउटर २.४ आणि ५ दोन्ही देत असेल आणि कॅमेरा जोडलाच जात नसेल तर मोबाईल ५ वाल्यावर आहे का ते बघा, माझी एक पूर्ण संध्याकाळ यात गेली होती. नेटवाल्याला सांगून किंवा स्वतः राउटरमध्ये "गेस्ट" नेटवर्क चालू करा आणि कॅमेरा, बल्ब, लॉक सगळं त्यावर टाका. मोबाईल, लॅपटॉप, बँकेचं काम वेगळ्या नेटवर्कवर राहू दे.

कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच मिनिटाला बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (व्हायरससारख्या घातक प्रोग्रॅमने) जगभरात लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आणि राउटर ताब्यात घेतले होते, आणि ते शिरलं कुठून तर लोकांनी न बदललेल्या ठरावीक पासवर्डमधून. राउटरचा ॲडमिन पासवर्डही बदला, तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. ॲपमध्ये ओटीपीवालं दुहेरी लॉगिन चालू करा आणि अपडेट आलं की टाळू नका.

आता सगळ्यात मोठा सापळा. बसवायला येणारा मुलगा घाईत असतो, तो त्याच्याच मोबाईलमध्ये, त्याच्याच मेल आयडीने कॅमेरा चालू करतो आणि तुम्हाला "शेअर" करून देतो. तुमच्या मोबाईलवर दिसायला लागलं की तुम्हाला वाटतं झालं. पण मालक तो राहतो, तुमचं घर त्याला कधीही दिसू शकतं. बहिणीकडे असंच होतं आणि आम्हाला चार महिन्यांनी कळलं. ॲपमध्ये "डिव्हाइस शेअरिंग" उघडून मालकाच्या जागी कोणाचं नाव आहे ते आजच बघा. तुमचं नसेल तर त्याला काढून टाकायला लावा, कॅमेरा रीसेट करा, स्वतःच्या मेलने पुन्हा जोडा. डीव्हीआरवाला चार कॅमेऱ्यांचा सेट असेल तर त्याचा ॲडमिन पासवर्ड स्वतः टाइप करा, त्या माणसाला दुसरीकडे बघायला सांगा, यात संकोच करू नका.

काकूंना आणि भावाला कॅमेरा दाखवायचा तर पासवर्ड देऊ नका, ॲपमधूनच शेअर करा. गावाहून परत आलात की ते काढून टाकता येतं.

७. लाईट गेली तर

मेन स्विच बंद करायची सवय आमची नडली. आता इलेक्ट्रिशियनकडून राउटर आणि कॅमेऱ्याचा पॉइंट वेगळ्या एमसीबीवर (बोर्डातल्या छोट्या स्विचवर) घेतलाय, बाकी सगळं बंद करून फक्त तेवढा चालू ठेवतो. आमच्या जुन्या बोर्डात जागा होती म्हणून जमलं, नसेल तर त्यालाच उपाय विचारा, स्वतः बोर्ड उघडू नका.

महावितरणची लाईट पावसात जाते येते, त्यासाठी राउटरला मिनी यूपीएस लावा. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेलं वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतं पण काही ९ व्होल्टवरही चालतात, आणि अँपिअर जेवढे लिहिलेत तेवढे किंवा जास्त यूपीएसने दिले पाहिजेत. नेटवाल्याचा फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप लागतो. आणि नेटवाल्याला हे नक्की विचारा की फायबर थेट घरात येतं का बिल्डिंगच्या डक्टमधल्या स्विचमधून (सगळ्या घरांना नेट वाटणाऱ्या डब्यातून) वायर येते. डक्टमधला स्विच असेल तर बिल्डिंगची लाईट गेली की तो बंद, तुमच्या यूपीएसचा उपयोग शून्य.

नेटचा रिचार्ज गावी असताना संपत नाही ना तेही बघा. आमचा एकदा गौरी विसर्जनाच्या दिवशी संपला होता.

८. दाराचा सेन्सर

कमी खर्चात सगळ्यात उपयोगी वस्तू हीच, आणि लोक हीच घेत नाहीत. दोन छोटे तुकडे असतात, एक दारावर, एक चौकटीवर, आत चुंबक. दार उघडलं, अंतर वाढलं की मेसेज जातो, आणि सायरन जोडला असेल तर तो वाजतो. रात्रीच्या शांततेत तो आवाज आला की चोराला थांबणं अवघड जातं आणि शेजारी जागे होतात. सायरन शेजाऱ्यांना आधी ऐकवून ठेवा, नाहीतर कोणाला कळणारच नाही कसला आवाज आहे.

लोखंडी सेफ्टी डोअरवर काही सेन्सर नीट चालत नाहीत, लाकडी दारावर लावा. वर्षातून एकदा बॅटरी बदला, मी गुढीपाडव्याला बदलते म्हणजे लक्षात राहतं.

कॅमेऱ्याच्या खोट्या मेसेजवर मात्र थोडं काम करावं लागतं. पाल, पंख्याने हलणारा पडदा, लेन्सवर कोळ्याचं जाळं, रात्री दिव्याकडे येणारे किडे, सगळ्याला तो "हालचाल" म्हणतो. दिवसाला चाळीस मेसेज आले की आपण बघणं सोडून देतो आणि खरा मेसेज त्यातच जातो. "फक्त माणूस" अशी सेटिंग असेल तर ती चालू करा, दाराचा तेवढाच भाग निवडा, आणि जाळी पुसत जा.

९. स्मार्ट लॉक घ्यावं का?

घाई नसेल तर सगळ्यात शेवटी घ्या. महाग असतं आणि चुकलं तर दारात नको तिथे भोक पडलेलं असतं. आधी टेपने दाराची जाडी मोजा आणि मुख्य दार व सेफ्टी डोअर यांच्यामधली जागा मोजा. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये ही जागा कमी असते, लॉकचा हँडल सेफ्टी डोअरला आपटतो आणि ते लागतच नाही. दुकानात ही दोन्ही मापं दाखवूनच घ्या.

चावीचं भोक असलेलंच घ्या आणि ती चावी घराबाहेर ठेवा, काकूंकडे किंवा भावाकडे. घरातल्या कपाटात ठेवलेल्या चावीचा बॅटरी संपल्यावर काही उपयोग नाही. बऱ्याच लॉकना बाहेरून टाइप-सी वायर किंवा ९ व्होल्टची बॅटरी लावून तेवढ्यापुरतं उघडता येतं, ते लावायच्या दिवशीच करून बघा. माझ्या आईचा अंगठा उमटतच नाही, इतकी वर्षं भांडी घासून रेषा झिजल्यात, तिच्यासाठी कार्ड ठेवलंय. प्रत्येकाची दोन बोटं नोंदवा, एक डाव्या हाताचं. दार आपोआप लॉक होणारी सेटिंग असेल तर कचरा ठेवायला बाहेर आलेली आजी बाहेर अडकू शकते, गॅसवर दूध ठेवलेलं असतं, म्हणून ती सेटिंग विचार करून चालू करा. आतून मात्र कुठलाही कोड न लागता एका झटक्यात उघडलं पाहिजे, आग लागली तर कोड टाकत बसायला वेळ नसतो.

१०. निघायच्या आठवडाभर आधी

खरी तालीम करा. भावाला फोनवर ठेवा, काकूंना सांगा, आणि दार उघडा. मेसेज किती सेकंदांत गेला, कोणाला गेला, काकू वर यायला किती वेळ लागला. आमच्या पहिल्या तालमीत काकूंचा मोबाईल सायलेंटवर होता, म्हणून आता त्यांच्या ॲपच्या मेसेजला वेगळी रिंगटोन लावलीय.

कार्डमधलं मागच्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग उघडून बघा, तारीख-वेळ बरोबर आहे का तेही. सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग किती दिवस राहतं ते सेक्रेटरींना विचारा. सोनं लॉकरमध्ये ठेवा. पेपर आणि दूध बंद करायला सांगा. आणि कोकणकन्येतला फोटो स्टेटसला परत आल्यावर टाका.

११. खरंच काही दिसलं तर

काकूंना एकटं वर पाठवू नका. ११२ ला फोन, वॉचमनला फोन, मग दोघं-तिघं मिळून आणि आवाज करत. गावाहून तुम्ही ११२ लावलात तर पहिल्याच वाक्यात ठाण्याचा पूर्ण पत्ता सांगा. जवळच्या पोलीस ठाण्याचा लँडलाईन नंबरही तिघांकडे असू दे.

घर फुटलेलं असेल तर कपाट, कडी कशालाही हात लावू नका, पोलीस पंचनामा करेपर्यंत तसंच राहू दे. तेवढ्यात रेकॉर्डिंग डाउनलोड करून घ्या, नाहीतर त्यावर नवीन लिहिलं जाईल. मूळ फाईल पेन ड्राईव्हवर ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरवलेला व्हिडिओ दाबून छोटा होतो आणि चेहरे पुसट होतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत एक प्रमाणपत्र लागतं, पोलिसांना त्याबद्दल विचारा आणि रेकॉर्डिंग कोणत्या कॅमेऱ्यातून, कोणी, कधी काढलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. क्लिपमधला चेहरा सोसायटीच्या ग्रुपवर "हाच चोर" म्हणून टाकू नका, तो कुरिअरवाला निघाला तर एका गरीब माणसाचं काम जाईल.

सिरियल नंबर आणि बिलांचे फोटो इथे कामाला येतात, दागिन्यांचे सुद्धा. वहिनींकडे पाटल्यांचा एकच फोटो होता, लग्नाच्या अल्बममधला, त्यात हात अर्धा पदराखाली. आता आम्ही दोघींनी बसून प्रत्येक दागिन्याचा फोटो काढलाय, वजनाच्या पावतीसकट, आणि एकमेकींच्या मेलवर पाठवून ठेवलाय.